कोणाला विचारलं?

७ एप्रिल, रविवार. वर्षाचा गहू आला आहे. सकाळपासून गच्चीवर त्याला एरंडेल चोळायचं काम चालू आहे. एक पोतं झालं, दोन बाकी आहेत. मधेच बसून हे लिहिते आहे, त्यामुळे कागदावर तेलाचे डाग पडतील. छापणाऱ्यांनी समजून घ्यावं.

शाळेच्या स्मरणिकेसाठी मी 'विज्ञान, तंत्रज्ञान आणि मानवी मूल्ये' या विषयावर चार पानं लिहावीत, असं मुख्याध्यापकांचं तिसरं पत्र काल आलं. विज्ञानावर लिहिता येईल. बावीस वर्षं मी तेच शिकवते आहे. मूल्यांवर मला लिहिता येत नाही. मूल्यांवर बोलणारे पुष्कळ भेटले, आणि त्यांतल्या बऱ्याच जणांनी माझी पुस्तकं परत केलेली नाहीत. म्हणून मूल्यं राहू देत. मी एका माणसाबद्दल लिहिते. मी मराठवाड्यात मानवतला शिकत होते तेव्हा ते आम्हाला सायन्स शिकवायचे. नाव लिहीत नाही. 'नाव कशाला, चूक लिहा,' असं ते म्हणाले असते. आम्ही त्यांना सर म्हणायचो. गावातले लोक ओळंबा मास्तर म्हणायचे.

ओळंबा म्हणजे गवंडी भिंत सरळ आहे का ते बघायला दोरीला बांधून सोडतो ते वजन. सरांच्या कोटाच्या उजव्या खिशात तो कायम असायचा, त्यामुळे कोट एका बाजूनं खाली ओढलेला. कोणाच्याही घरी गेले की पाणी पिण्याआधी भिंत बघायचे. हेडमास्तरांनी घर बांधलं तेव्हा वास्तुशांतीला सगळ्या शाळेला जेवण होतं. सर पोटभर जेवले, हात धुतले, कोटाला पुसले आणि बैठकीच्या भिंतीला ओळंबा लावला.

"साहेब, भिंत बोटभर भाईर आली."

"सर, आजच्या दिवस तरी राहू द्या," हेडमास्तर म्हणाले.

"मी ऱ्हाऊ देतो. भिंत ऱ्हाईल का ते गवंड्याला इचारा."

गवंडी त्याच पंगतीत बसला होता. त्याच्या हातातली पुरी हातातच राहिली. ती भिंत अजून उभी आहे. दोन वर्षांपूर्वी मानवतला गेले होते तेव्हा मुद्दाम बघितली. बोटभर बाहेरच आहे.

सर वालूरकडचे, शेतकऱ्याच्या घरातले. घरात मराठी, पण सायन्स सगळं हैदराबादेत उर्दूतून शिकलेले. आमची शाळा उर्दूची मराठी झाली तेव्हा एका उन्हाळ्याच्या सुट्टीआधी हजेरीला 'हाजिर जनाब' म्हणत होतो आणि सुट्टीनंतर 'उपस्थित' म्हणायला लागलो. आम्हा पोरांना ते दोन दिवसांत जमलं. सरांना 'उष्णता' म्हणायला वर्ष लागलं. फळ्याकडे तोंड करून "हरारत..." म्हणायचे, थांबायचे, आणि मग वळून आम्हालाच विचारायचे, "आपल्यात काय म्हणतेत हिला?"

"ऊन, सर."

"ते सूर्याचं. तव्याची?"

"धग."

"लिहा. पुस्तकात उष्णता, चुलीम्होरं धग."

पुढं तापमापक आला. नव्या मराठी पुस्तकात तो शब्द होता, कोणाच्या तोंडात बसत नव्हता. सरांनी विचारलं, "घरी ताप आला तर कशानं बघतेत?" माझ्या पुढच्या बाकावरची मुलगी म्हणाली, "माय कपाळाला हात लावती." सगळे हसले. सर हसले नाहीत. त्यांनी फळ्यावर दोन ओळी लिहिल्या: 'तापमापक: किती ते कळते. मायचा हात: कोणाला ते कळते.' आणि म्हणाले, "दोन्ही पाहिजेत. एकच ठेवला तर डॉक्टर बी फसतो अन् माय बी."

राग आला की ते दखनी उर्दूत बोलायचे. "क्या जी, भेजा घर में छोडको आए क्या?" असं ऐकू आलं की मागची मुलं सावरून बसायची. शांत असले की मराठी. आणि इंग्रजी फक्त वरचे अधिकारी आले की. एकदा एकानं धीर करून विचारलं, "सर, साहेबाशी इंग्रजीत का बोलता?" तर म्हणाले, "प्रयोगशाळेत सगळं सामान हाय, असं सांगावं लागतं. खोटं बोलायचं तर परक्या भाषेत बोलावं. घरची भाषा खराब होत न्हाई."

आणखी एक. ते सगळ्यांना तुम्ही म्हणायचे. पाचवीतल्या पोराला, शिपायाला, भाजीवालीला. शिवीसुद्धा मानानं द्यायचे. "तुमी गाढव हायत. बसून घ्या." माझ्या आयुष्यात मला पहिल्यांदा 'तुम्ही' म्हणणारा माणूस मला मूर्ख म्हणत होता, हे मला आठवतं, आणि मला ते आवडलं होतं हेही आठवतं.

एकटे राहायचे, स्टेशनच्या रस्त्याकडच्या एका खोलीत. स्वयंपाकात रोज खिचडी. तांदूळ, डाळ, पाणी आणि मीठ तराजूनं मोजून घ्यायचे, घड्याळ लावून उतरवायचे. ती खिचडी कधी करपली नाही आणि कधी चांगलीही लागली नाही.

आता गिरणीचं सांगते. तेच सांगायला बसले होते.

मी आठवीत असताना पेठेतल्या एका शेटनी ऑइल इंजिनवर चालणारी पिठाची गिरणी आणली. मानवतला कापसाची मोठमोठी यंत्रं होती, पण पीठ दळायचं इंजिन पहिलंच. इंजिन आलं, चौथऱ्यावर बसलं, हार घातला, नारळ फुटला आणि ते चालू होईना. मेकॅनिक जालन्याहून यायचा होता तो आला नाही. पंधरा दिवस इंजिन हार घालून बसून राहिलं. पोरं त्याला 'नवरदेव' म्हणायला लागली.

शेवटी सर गेले. कोणी बोलावलं नव्हतं. बंद पडलेलं यंत्र बघितलं की त्यांना घरी जाऊन जेवता यायचं नाही. तीन दिवस शाळा सुटली की तिथं. सगळे भाग सुटे करून सतरंजीवर ओळीनं मांडले, पुसले, परत बसवले. तेलाच्या नळीत कचरा अडकला होता, एवढंच निघालं. चौथ्या दिवशी चाक फिरलं, पत्र्याच्या नळीतून धूर निघाला आणि पुक् पुक् आवाज सगळ्या पेठेनं ऐकला. शेटनी पेढे वाटले. सरांच्या कोटावर हातभर तेलाचा डाग पडला. तो त्यांनी कधी धुतला नाही, बक्षीस मिळाल्यासारखा मिरवला.

आठवड्यानं एकदा वर्गात आले ते नाचतच. म्हणाले, "हात वर करा. कोणाकोणाच्या घरचं जातं बंद झालं?"

सगळे हात वर. माझाही.

"आता सकाळी माय काय करती? सांगा, सांगा."

"झोपती, सर."

"शेजारी बोलत बसती, सर."

"मला मारती," एक जण म्हणाला. हशा झाला. सर हसत हसत माझ्याकडे वळले. "तुमची माय?"

मी म्हणाले, "काही न्हाई करत, सर. तिचं काम गेलं."

माझे वडील हमाल होते, मी चौथीत असताना गेले. तेव्हापासून माय पेठेतल्या चार घरांचं दळण दळायची. बाया जात्यावर गाणी म्हणतात असं पुस्तकात असतं. माझी माय गप्प दळायची. चार घरांची ज्वारी दळताना गाण्याला दम उरत नाही. गिरणी सुरू झाली त्या आठवड्यात चारही घरांनी निरोप पाठवला, दळण न्यायला येऊ नका म्हणून. वाईट बोलून नाही, चांगलंच बोलून. एका घरानं तर लुगडं दिलं.

सरांनी खडू फळ्याखाली ठेवला आणि तास संपेपर्यंत खिडकीशी उभे राहिले. आम्ही आपापसात गणितं सोडवली.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते आमच्या घरी आले. माय उंबऱ्याच्या आत शेंगा फोडत बसली होती. तिनं त्यांना कधी पाहिलं नव्हतं, पण कोटावरचा डाग बघून ओळखलं.

"तुमीच व्हय इंजिन चालू केलेलं मास्तर?"

"व्हय."

"लय चांगलं केलं. माझ्या खांद्याची कळ थांबली. अन् चूल बी."

सर ओट्यावर बसले. भिंतीकडे बघितलं नाही, हे मी तेव्हाच नोंदवून ठेवलं. मग म्हणाले, "चालू करायला न्हवतं पाहिजे का, बाई?"

"आसं कोण म्हणलं? दळून बघा एकदा, मंग कळंल. चार वर्षं झाली, ह्यो हात डोक्याच्या वर जात न्हाई. पर इचारायचं तरी व्हतं. घरात सून आणायची तर म्हातारीला इचारतेत न्हवं?"

"इचारलं असतं तर काय म्हणला असता?"

"म्हणले असते, आणा बाबा. पर तिथं दाणे निवडायला, पीठ चाळायला, डबे लावायला कोणी बाई लागंल का, ते शेटला इचारून आणा. गिरणी काय सोता डबे उचलती का?"

सरांनी कपाळावर हात मारून घेतला. खरोखरच मारला, आवाज आला. माय मला म्हणाली, "पोरी, पाणी दे मास्तरला. डोकं दुखत आसंल."

तिथून ते सरळ गिरणीत गेले, मी मागं मागं. शेट माणूस वाईट नव्हता, पण नवं इंजिन आल्यापासून तो सगळ्यांशी जरा मोठ्यानं बोलायला लागला होता. म्हणाला, "गिरणीत बाई नको, मास्तर. तो पट्टा बघा कसा फिरायलाय. पदर अडकला म्हंजे?"

"अन् धोतर अडकलं म्हंजे?"

"काय?"

"तुमी काय नेसलात, शेटजी?"

शेटनी खाली पाहिलं. मग पट्ट्याकडे पाहिलं. मग दोन पावलं मागं सरकला. त्याच संध्याकाळी त्यानं सुताराला बोलावून लाकूड दिलं. सरांनी माप घेतलं आणि पट्ट्याभोवती माणसाच्या उंचीची जाळी बसवून घेतली. मराठवाड्यातल्या कितीतरी गिरण्या मी नंतर पाहिल्या, तशी जाळी फार थोड्या ठिकाणी दिसली. आणि माय त्या जाळीच्या अलीकडे चौदा वर्षं बसली.

हे ऐकून लोक खूष होतात म्हणून पुढचंही लिहिते. गावात दुसऱ्यांचं दळणाऱ्या आठ बाया होत्या. त्यांतली एक गिरणीत बसली. दोघी कापसाच्या कारखान्यात गेल्या, एक वालूरला लेकीकडे, बाकीच्या वेचणीला, निंदणीला, जमेल तिथं. सरांनी आठही घरी जाऊन विचारलं आणि एका कागदावर लिहून ठेवलं. तो कागद ओळंब्याच्याच खिशात असायचा. कोणी त्यांच्यापुढं गिरणीचं कौतुक काढलं की तो बाहेर यायचा. "एक बाई बसली, सात उठल्या. कौतुक करा, पर पुरं वाचून करा." हळूहळू लोक त्यांच्यासमोर गिरणीचं नाव घेईनासे झाले.

त्यानंतरच्या सोमवारी प्रयोगाच्या तासाला सरांनी फळ्यावर नेहमीचे चार मथळे लिहिले. साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान. आणि खाली पाचवा: कोणाला विचारले?

नियम असा. प्रयोग शाळेत करायचा, मग बाहेर जाऊन असा माणूस शोधायचा की ज्याचे हात त्या कामात आहेत. त्याला विचारायचं. आणि त्याचं एक वाक्य त्याच्याच बोलीत वहीत लिहायचं. पहिल्या आठवड्यात एका मुलानं लिहिलं, 'सरांना विचारले.' सर म्हणाले, "माझे हात खडूत हायत. जा."

आमच्या वर्गात वीस मुलं आणि तीन मुली. तेवीस जण वह्या घेऊन गावभर फिरायला लागलो. लोहार आम्हाला लांबून बघूनच ओरडायचा, "आले रे सायन्सचे पोलीस!" पण सांगायचा. सगळेच सांगायचे. उतरत्या फळीच्या प्रयोगाला मी कापसाच्या गाठी चढवणाऱ्या हमालाला विचारलं होतं. तो म्हणाला, "फळी लांब लावली की वझं हलकं लागतं, पर मुकादम वरडतो, टाइम लय लागायलाय म्हणून." यांत्रिक फायद्याबद्दल यापेक्षा बरोबर वाक्य मी अजून पाठ्यपुस्तकात वाचलेलं नाही. भिंगाच्या प्रयोगाला एका म्हाताऱ्या शिंप्याला विचारलं. तो म्हणाला, "चष्म्यानं सुई दिसती. समोर गिऱ्हाईक कोण उभंय ते दिसत न्हाई."

तीन वर्षं असं चाललं. मग आमचा मराठवाडा मुंबई राज्यात गेला, आणि त्याच्या पुढच्या वर्षी मी मॅट्रिकला होते.

घरातली गोष्ट अशी होती, की ताडकळसचं एक स्थळ आलेलं होतं. वीस एकर जमीन, मुलगा चौथी पास. माय म्हणाली, "मॅट्रिक झालीस तर ट्रेनिंगला जा, मास्तरीण हो. न्हाई झालीस तर आखाजीला लगीन. मला दोनदा इचारू नको." दोन्ही गोष्टी तिनं सारख्याच आवाजात सांगितल्या. ती धमकी नव्हती. तिच्याकडे तिसरं काही नव्हतं.

नव्या राज्याबरोबर नवे नियम आले. सायन्सची प्रयोगवही तपासून तिच्यावर बाहेरच्या साहेबाची सही झाली तरच परीक्षेला बसता येईल, असं आम्हाला सांगण्यात आलं. परीक्षेला दहा दिवस राहिले असताना साहेब आले. पुण्याकडचे, पांढरे कपडे, बोलणं एकदम शुद्ध. वरची वही उचलली. नेमकी माझी होती.

"हे पाचवं काय?"

"मथळा हाय, साहेब."

"अभ्यासक्रमात चार आहेत." त्यांनी पान वर धरून वाचलं. "'फळी लांब लावली की वझं हलकं लागतं...' हे कोणाचं?"

"हमालाचं, साहेब."

"हमालाचं मत प्रयोगवहीत?"

सरांनी इंग्रजीत एक वाक्य सुरू केलं. आम्ही तिघी मुलींनी एकमेकींकडे पाहिलं. तीन-चार शब्दांनंतर ते थांबले, आणि मराठीत म्हणाले, "ते त्याला आमच्या आधी माहीत व्हतं, साहेब."

साहेब रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. शांतपणे म्हणाले, "उद्या अकरापर्यंत चार मथळ्यांच्या वह्या आणा. पानं फाडलेली चालणार नाहीत, खोडलेलंही चालणार नाही. या वह्यांवर माझी सही होणार नाही." आणि चहाला गेले.

साहेब गेल्याबरोबर वर्गात गोंधळ झाला. एकोणीस प्रयोग, एका दिवसात. एक मुलगा उठून म्हणाला, "सर, तुमच्या पायी आमचं वरीस जायलाय." दुसरा म्हणाला, "दुसऱ्या शाळेतल्या पोरांच्या वह्या बघा, कशा सुटसुटीत हायत!" मी पण उठले. म्हणाले, "सर, मला ताडकळसला जायचं न्हाई."

मुलं हसली. त्यांना ताडकळसचं काही माहीत नव्हतं. सरांना माहीत होतं. मायनं सांगितलेलं होतं. ते स्टुलावर बसले.

मग म्हणाले, "हा पाचवा मथळा लावला तवा तुमाला इचारलं व्हतं का मी?"

दोघा-तिघांनी मान हलवली, नाही म्हणून.

"न्हाई इचारलं. शेटला शिकवायला गेलतो. वह्या तुमच्या, परीक्षा तुमची, अन् मी आपलं इंजिन चालू करून मोकळा." त्यांनी आमच्याकडे एकेक करून पाहिलं. "आता इचारतो. उशीर झालाय, तरी इचारतो. साहेबाशी भांडायचं असंल तर मी भांडतो. माझी नोकरी जाईल न जाईल, ते माझं मी बघंल. लिहून काढायचं असंल तर लिहून काढू. ज्याची वही त्यानं सांगायचं."

सगळ्यांत आधी मी म्हणाले, "लिहून काढायचं."

असं लिहिताना वाटतं की कोणीतरी तिथं बाणेदारपणा दाखवायला हवा होता. कोणी दाखवला नाही. तेवीसच्या तेवीस जण लिहून काढायचं म्हणाले, आणि सरांनी मान डोलावली. "बरं. मंग बसा."

त्यांनी स्वतः दुकानातून कोऱ्या वह्या आणल्या. आम्ही जमिनीवर ओळीत बसलो. सर मध्ये बसून सगळ्यांची पानं आखून द्यायचे, आकृत्या काढून द्यायचे, आम्ही मजकूर लिहायचा. चारच मथळे. मी फळीचा प्रयोग उतरवला आणि 'अनुमान'पाशी थांबून पुढच्या पानावर गेले. हमाल मागं राहिला. अजून बारा प्रयोग बाकी होते.

दिवेलागणीच्या सुमाराला माय गिरणीतून परस्पर शाळेत आली, पिठानं भुवया पांढऱ्या झालेल्या. दारातूनच म्हणाली, "मास्तर, पोरीचं लगीन आता तुमच्या हातात हाय का माझ्या?"

"साहेबाच्या हातात, बाई."

"मंग रेघा तरी सरळ आखा."

दुसऱ्या दिवशी अकराला साहेबांनी तेवीस वह्यांवर सह्या केल्या. अर्धा तासही लागला नाही. आत काय लिहिलंय ते त्यांनी कुठल्याच वहीत वाचलं नाही. मथळे मोजले आणि सही केली. मुलं आरडाओरडा करत सुटली. जुन्या वह्यांतल्या पाच-सात फुटाणेवाल्याकडे गेल्या, आणि नंतर आठवडाभर गावानं लोहाराचं आणि शिंप्याचं म्हणणं फुटाण्याच्या पुड्यांवर वाचलं. शिंपी म्हणे स्वतःची पुडी शोधत होता.

मी पास झाले, सेकंड क्लासमध्ये. ट्रेनिंगला गेले. ताडकळसच्या मुलाचं दुसरीकडे लग्न झालं आणि चांगलं झालं. सर दोन वर्षांनी बदलून गेले. त्यांच्या पुढच्या गावांतल्या भिंतींची मला माहिती नाही. एकदा पत्र लिहिलं होतं, ते 'पत्ता अपुरा' म्हणून परत आलं. इतकं आधी सांगून टाकते, म्हणजे कोणाला चुटपूट नको. मला सांगायची आहे ती सह्या झाल्या त्याच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ.

मला वाईट वाटलेलं नव्हतं. सही मिळाली होती, झोप चांगली लागली. पण सकाळी दप्तर आवरताना जुनी वही हातात आली. एकोणीस प्रयोग, एकावरही सही नाही. केलेलं काम तपासल्याशिवाय पडून राहावं, हे मला तेव्हाही खपत नव्हतं. मी ती घेऊन सरांच्या खोलीवर गेले. ते तराजूत डाळ टाकत होते.

"सर, हिच्यावर सही करा."

"हिला आता काय किंमत हाय?"

"किंमत न्हाई इचारली. तपासा म्हणले."

त्यांनी तराजू खाली ठेवला, हात पुसले आणि दारातल्या उजेडात वही घेऊन बसले. पहिल्या पानापासून सुरुवात केली. प्रत्येक शब्द वाचला. हमालापाशी हसले, शिंप्यापाशी हसले, आणि एकेका प्रयोगाखाली सही करत गेले, उर्दूत. हिरवी शाई होती. चौदाव्या प्रयोगाशी थांबले. बाष्पीभवन. तिथं मी लिहिलं होतं, 'परटिणीला विचारले. ती म्हणाली, हवेमुळे कपडे लवकर वाळतात, त्यामुळे आम्हाला फायदा होतो.'

"हे वाक्य कोणाचं?"

"परटिणीचं."

"परटीण 'त्यामुळे' म्हणत न्हाई. हे पुस्तकाचं हाय. कोणाला इचारलं?"

मी खरं सांगितलं. "कोणालाच न्हाई. त्या दिवशी पाऊस व्हता. अन् तिचं तेच आसणार."

"आसणार?" त्यांनी वही मिटली. "तुमी खोटारड्या हायत. अठरांवर सही करतो. हे इचारून आणा."

"सर, परीक्षा आठ दिवसांवर आली!"

"मंग बिगी बिगी जा."

मी रागानंच निघाले. ओढा गावाबाहेर, ऊन चढलेलं. परटीण दगडावर शेवटचं धुणं आपटत होती. झुडपांवर, गवतावर सगळीकडे धोतरं, लुगडी, चादरी पसरलेली. मी उभ्या उभ्याच विचारलं, "मावशी, वारा सुटला, कपडे बिगीनं वाळले, तर तुमाला बरं न्हवं?"

तिनं धुणं पिळून पसरलं आणि मग माझ्याकडे बघितलं.

"कशाचं बरं, माय? वाळले की घड्या, घड्या झाल्या की घरोघर. वल्ले हायत तवरच बूड टेकाया मिळतं. बस की तू बी."

ती लिंबाच्या सावलीत पाय पसरून बसली. मी शेजारी बसले. वारा चांगला होता. अर्ध्या तासात कडेची लुगडी फडफडायला लागली, तशी ती गुडघ्यावर हात टेकून उठली. मी तिच्यासमोरच माझं वाक्य खोडलं, तिचं लिहिलं, वही दगडाखाली दाबून ठेवली आणि चादरीचं दुसरं टोक धरलं.